जनुक गप्प करून मुळांवरच्या गाठी थांबतील का? पेडण्याच्या एका भेंडीवाल्या शेतकऱ्याला उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी आधी तो थोडक्यात सांगते. गोव्यात पेडण्याजवळ दोन हजार चौरस मीटर मोरड जमीन (उंचावरची, पाणी न साचणारी), बोअरवेलचं पाणी, तीन वर्षं सलग भेंडी, वांगी, काकडी आणि मधल्या फटीत तांबडी भाजी. यंदा भेंडीची झाडं दुपारी माना टाकतात, संध्याकाळी सावरतात, पण वाढ अशी नाहीच. उपटून पाहिलं तर मुळांना आल्यासारख्या गाठी. ओळखीच्या कोणीतरी 'निमॅटोड', म्हणजे सूत्रकृमी, म्हणून सांगितलं. मग तुम्ही 'जीन सायलेन्सिंग'चा, म्हणजे जनुक गप्प करण्याच्या तंत्राचा, व्हिडिओ पाहिलात, आणि त्याच आठवड्यात एका विक्रेत्याने फोन करून 'आरएनए तंत्रज्ञानाचं' द्रव औषध देऊ केलं, मातीत ओतायचं, लिटरला अडीच हजार. तुम्ही विचारताय: हे घ्यावं, की असं बियाणं बाजारात येईपर्यंत थांबावं? आणि शेवटी घरच्यांची काळजी: अशी भाजी खाल्ली तर आपल्याला काही होणार नाही ना?

मी सूत्रकृमींवर काम करते. पहिली सहा वर्षं प्रयोगशाळेत नेमकी याच विषयावर गेली, त्यानंतरची सतरा वर्षं गोव्यातल्या शेतकऱ्यांची मुळं धुऊन पाहण्यात. म्हणून उत्तर लांबणार आहे. निर्णय मात्र आधीच सांगते: ती बाटली घेऊ नका. आणि बियाण्यासाठी थांबू नका. शास्त्र खरं आहे, मी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. पण भाजीच्या सूत्रकृमीविरुद्ध या तंत्राचं एकही बियाणं किंवा औषध आज भारतातल्या शेतकऱ्याला अधिकृतपणे विकत मिळत नाही.

आता कारणं. सगळं एका गोष्टीवर येऊन थांबतं: या किड्याच्या पोटात काही पोचवायचं तर वाट कुठली?

गाठ करणारा सूत्रकृमी अंड्यातून बाहेर येतो तेव्हा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी लांबीचा असतो, डोळ्यांना दिसत नाही. मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्यातून सरपटत तो मुळाच्या टोकापर्यंत येतो. या प्रवासात तो काहीही खात नाही. अंड्यातून जी चरबीची शिदोरी घेऊन आलेला असतो तिच्यावर चालतो. तोंडात सुईसारखा पोकळ काटा असतो, त्याने मूळ भोकसून आत शिरतो, आणि मुळाच्या मधल्या भागात एक जागा पकडून तिथल्या पाच-सहा पेशींमध्ये आपला स्राव सोडतो. त्या पेशी फुगून राक्षसी होतात, झाडाचं अन्न स्वतःकडे ओढून घेतात. किडा एकदा तिथे बसला की मादी होऊन नाशपतीसारखी फुगते, जागेवरून हलत नाही, आणि शेवटी चिकट पिशवीत दोनशे-पाचशे अंडी घालते. गोव्याच्या उबेत हे सगळं साधारण चार आठवड्यांत होतं. भेंडी शेतात तीन-साडेतीन महिने उभी असते. म्हणजे एकाच पिकावर तीन पिढ्या.

यातलं एक वाक्य पक्कं लक्षात ठेवा: मातीत असताना तो खात नाही. त्याचं जेवण सुरू होतं ते मुळाच्या आत.

जनुक गप्प करणं म्हणजे काय, तेही आपल्याकडच्या भाषेत सांगते. जमिनीची मूळ नोंद सरकारी दप्तरात असते. काम करायचं तर तुम्ही तिथून एक-चौदाचा, म्हणजे सातबारासारखा, उतारा काढता आणि तो घेऊन पुढच्या कचेरीत जाता. पेशीतही तसंच. जनुक ही मूळ नोंद, तिचा उतारा म्हणजे संदेशवाहक आरएनए, आणि त्या उताऱ्यावरून प्रथिन बनतं. गप्प करण्याच्या तंत्रात मूळ नोंदीला कोणी हात लावत नाही. उतारा पुढच्या कचेरीत पोचण्याआधीच फाडला जातो. हे करायला लागतो त्याच मजकुराचा दुपदरी आरएनए. पेशीत दुपदरी आरएनए दिसला की पेशी त्याला परका समजते, एकवीस-बावीस अक्षरांचे तुकडे करते, आणि त्या तुकड्यांशी जुळणारा प्रत्येक उतारा शोधून कापते. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये हे दाखवून दिलं, आणि २००६ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं. त्यांनी ज्या प्राण्यावर काम केलं तो सुद्धा सूत्रकृमीच होता, फक्त मातीत जिवाणू खाऊन जगणारा, पिकाला कसलाही त्रास न देणारा. त्यामुळे आमच्या शाखेतल्या लोकांना पहिल्या दिवसापासून वाटत होतं की हे आपल्या किड्यावर चालायलाच हवं.

अडचण तोंडाचीच होती. फायर-मेलोंचा सूत्रकृमी दिवसभर खातो, त्याला दुपदरी आरएनए असलेले जिवाणू चारले की काम झालं. आपला किडा मुळाबाहेर तोंड उघडत नाही. २००२ मध्ये इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठातल्या गटाने यावर तोड काढली: ऑक्टोपामाइन नावाचं रसायन पाण्यात घातलं की पिल्लं गिळायला लागतात. मी प्रयोगशाळेत हेच करत होते. घड्याळाच्या काचेएवढ्या बशीत काही हजार पिल्लं, त्यात दुपदरी आरएनए, ऑक्टोपामाइन आणि चमकणारा हिरवा रंग. चार तासांनी धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली निळा प्रकाश टाकला की ज्यांनी गिळलंय त्यांच्या काट्यापासून पोटापर्यंत हिरवी रेघ पेटलेली दिसायची. शेजारचा दुसरा तसाच काळा. सगळे गिळत नसत. ज्यांनी गिळलं ते टोमॅटोच्या रोपांवर सोडले की महिन्याभरानंतर गाठी खरोखर कमी भरत. पण दर वेळी सारख्या नाही, आणि काही दिवसांनी गप्प केलेलं जनुक पुन्हा बोलायला लागायचं. एका घोटाचा परिणाम कायमचा राहत नाही.

आता विक्रेत्याच्या त्या बाटलीकडे या. समजा तिच्यात खरंच चांगला दुपदरी आरएनए आहे. तुम्ही तो पाण्यात मिसळून मातीत ओतलात. मातीतला किडा तो पिणार नाही, कारण ऑक्टोपामाइनसारखं काही दिल्याशिवाय तो सहसा गिळत नाही. आणि मातीतले जिवाणू मात्र लगेच खायला बसतील. उघड्या आरएनएचा मातीत साधारण दोन दिवसांत फडशा पडतो, हे मोजून पाहिलेलं आहे. शिवाय आरएनए उन्हात ठेवलेल्या कॅनमध्ये टिकणारी वस्तू नाही. त्यामुळे बाटलीत काय आहे हे न बघताही मी सांगते की ती या कामाची नाही. उद्या कोणी असं उत्पादन खरोखर आणलंच, तर कीटकनाशक कायदा, १९६८ प्रमाणे लेबलवर नोंदणी क्रमांक, पीक आणि कीड छापलेली असायलाच हवी. विक्रेत्याकडे एवढंच मागा: लेबलचा फोटो. नोंदणी क्रमांक नसेल तर बोलणं तिथेच संपवा.

मग योग्य वाट कुठली? जिथे तो जेवतो तिथे, म्हणजे मुळातच आरएनए तयार करायचा. रोपात असा तुकडा घालायचा की रोप स्वतःच किड्याच्या जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए बनवत राहील. किडा राक्षसी पेशीतून रस ओढेल तेव्हा तोही ओढेल, आणि एक घोट नाही, रोजचा घोट. २००६ मध्ये याचे दोन महत्त्वाचे पुरावे आले. त्यातला एक आपल्या देशातला आहे, मदुराई कामराज विद्यापीठ आणि कानपूर आयआयटीचा. त्यांनी तंबाखूच्या रोपात सूत्रकृमीची दोन अत्यावश्यक जनुकं गप्प करणारा तुकडा घातला आणि गाठी रोखून दाखवल्या. दुसरा अमेरिकेतला. तिथे त्यांनी '१६डी१०' नावाचं जनुक निवडलं. हे जनुक फक्त तेरा अमिनो आम्लांचं एक इवलंसं पेप्टाइड बनवतं, जे किडा मुळात सोडतो. ते गप्प केल्यावर गाठ करणाऱ्या चारही मुख्य जातींच्या गाठी ६३ ते ९० टक्क्यांनी कमी झाल्या. रोप होतं अरॅबिडॉप्सिस, प्रयोगशाळेतलं मोहरीच्या कुळातलं तण. त्यानंतर टोमॅटो, वांगं अशा आपल्या भाज्यांवरही, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेसकट, पुष्कळ काम झालंय आणि दिशा तीच आहे.

६३ ते ९० या आकड्यापाशी जरा थांबा, कारण व्हिडिओत तो 'निमॅटोड खलास' होऊन जातो. सर्वांत चांगल्या रोपातही शंभरातल्या दहा गाठी उरल्या. एका मादीची अंडी तीनशे धरा. दहा माद्या म्हणजे पुढच्या महिन्याला तीन हजार अंडी, आणि तुमच्या शेतात त्यांना पुढचं पीकही तसंच भेंडीचं, तशीच ओल, तशीच ऊब. सगळी जगत नाहीत हे खरं. तरी गप्प करणारं रोप किड्याची वाढ हळू करतं, त्याला शेतातून हाकलत नाही. म्हणून असं बियाणं उद्या हातात आलं तरी बाकीची शेती आज आहे तशीच चालू ठेवता येणार नाही. माझ्या मते हा या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. शिवाय रोपागणिक फरक पडतो: तोच तुकडा घातलेल्या दहा रोपांच्या दहा ओळी केल्या तर दोन-तीन उत्तम निघतात, काही साध्या रोपासारख्याच. आणि किडे सवयही करून घेतात. मक्याच्या मूळकिडीत प्रयोगशाळेत निवड करत गेल्यावर दुपदरी आरएनएला दाद न देणारी पिढी तयार झाली आहे.

त्या मूळकिडीचं उदाहरण दुसऱ्या कारणानेही उपयोगी आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालेल्या मक्यात आरएनए झाडाच्या मुळातच बनतो, कारण अळी मूळ कुरतडते. उलट २०२३ च्या डिसेंबरमध्ये तिथे बटाट्यावरच्या भुंगेऱ्यासाठी फवारायच्या आरएनएला परवानगी मिळाली, कारण भुंगेरा पान खातो आणि फवारा पानावर बसतो. ज्याचं तोंड जिथे, औषध तिथे. सूत्रकृमी मुळाच्या आत बसलेला, त्यामुळे फवाऱ्याची वाट त्याच्यासाठी सर्वांत लांबची. आरएनएला मातीच्या बारीक पापुद्र्यांत गुंडाळून टिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण टिकवणं हा अर्धाच प्रश्न सुटला. मुळात शिरणं बाकीच आहे.

बियाण्याची वाट कायद्यातून जाते. रोपात तुकडा कायमचा घातलेला असल्यामुळे ते जनुकीय सुधारित पीक ठरतं, आणि १९८९ च्या नियमांखाली केंद्राच्या समितीची मंजुरी लागते. बीटी वांग्याला समितीने हिरवा कंदील दिल्यावरही ९ फेब्रुवारी २०१० ला पर्यावरणमंत्र्यांनी स्थगिती दिली, ती अजून उठलेली नाही. त्यामुळे कोणी तुम्हाला 'पुढच्या हंगामात येतंय' म्हणत असेल तर त्या भरवशावर वाफे रिकामे ठेवू नका. आणि आपल्या गोव्यात आणखी एक गोष्ट आहे. आगशीचं वांगं, सात शिरांचा भेंडा ही आपली गावठी वाणं घरोघर बी राखून टिकली आहेत, त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालंय. नवीन गुण आधी कुठल्या तरी मोठ्या कंपनीच्या संकरित वाणात येईल. आपल्या वाणात आणायचा तर कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या संकर करत बसावं लागेल, आणि शेतकऱ्याला बी राखण्याची मोकळीक राहील का, शेजारच्या वांग्यात पराग जाईल का, हे आधी ठरवावं लागेल. मी या तंत्राच्या विरोधात नाही. माझी तरुणपणाची सहा वर्षं त्यात गेली आहेत आणि ते शेतापर्यंत यावं असं मला मनापासून वाटतं. पण गोव्याच्या मातीत, गोव्याच्या उन्हात, आपल्या वाणांवर चाचणी होऊनच यावं.

घरच्यांच्या काळजीचं उत्तर इथेच देते. आरएनए आपण रोज खातो. भाजी, भात, मासळी, सगळ्यात असतो, आणि पोटात पचतो. माणसाच्या बाजूने मला फार भीती वाटत नाही, तरी तपासणी व्हायलाच हवी. माझी खरी काळजी मातीची आहे. मूठभर मातीतले बहुतेक सूत्रकृमी पिकाचे शत्रू नसतात; ते जिवाणू आणि बुरशी खाऊन नत्र मोकळं करतात, काही तर किडींच्या अळ्या मारतात. निवडलेला तुकडा त्यांच्या जनुकाशी जुळता कामा नये. म्हणूनच १६डी१० सारखं, फक्त पिकावर जगणाऱ्या सूत्रकृमीतच सापडणारं जनुक अधिक चांगलं. उद्या कोणी असं बियाणं विकायला आलं तर त्याला हाच पहिला प्रश्न विचारा: जनुक कुठलं, आणि ते चांगल्या सूत्रकृमीत आहे का?

आता तुमच्या दोन हजार मीटरकडे येऊ.

सगळ्यात आधी निदान. तुम्ही भेंडीबद्दल लिहिलंय त्यावरून गाठींचा सूत्रकृमीच वाटतो, भेंडी त्याला फार आवडते. पण वांग्याचं वेगळं तपासा. आपल्याकडे वांगं आणि टोमॅटो जिवाणूजन्य मररोगानेही मरतात, आणि सूत्रकृमीने मुळाला केलेल्या भोकांतून तो जिवाणू आणखी सहज शिरतो. फरक असा: मररोगात झाड हिरवंच असताना दोन-चार दिवसांत कायमचं कोलमडतं. खात्रीसाठी खोडाचा बुंध्याकडचा तुकडा कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात लटकवा. पाच-दहा मिनिटांत दुधासारखा धागा खाली उतरला तर मररोग आहेच. आणि मध्ये आळसांदे (चवळी) लावत असाल तर गाठींवरून फसू नका. आळसांद्यावर चांगल्या जिवाणूंच्या गाठीही असतात. त्या मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात, नखाने घासल्या की सुटतात, फोडल्या तर आत गुलाबी. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं, ते सुटत नाही, तुटतं.

मोरड जमिनीवर, वर्षभर भाजी, बोअरवेलचं पाणी, आणि एकापाठोपाठ एक सगळी त्याच्या आवडीची पिकं: कारण इथे आहे. खेर म्हणजे सखल भातशेतीच्या जमिनीत पावसाळ्यात भात आणि नंतर वायंगणी (हिवाळी) भाजी करणाऱ्यांकडे मला गाठी कमी दिसतात, माती हलकी असूनही. तीन-चार महिने पाण्याखाली गेलेल्या मातीत हा किडा गुदमरतो. तुमच्या मोरडीत पाणी साचवता येणार नाही, त्यामुळे भाताचं काम दुसऱ्या कशाकडून तरी करून घ्यावं लागेल.

तो दुसरा उपाय माझ्या अनुभवात एप्रिल-मेचं ऊन. शेवटची तोडणी झाली की झाडं मुळासकट उपटा. मुळं शेतात नांगरू नका, खताच्या खड्ड्यातही टाकू नका. सुरुवातीच्या वर्षांत मीच एका शेतकऱ्याला मुळं बारीक करून मातीत मिसळायला सांगितलं होतं, सेंद्रिय कर्ब वाढेल म्हणून. पुढच्या हंगामात सबंध वाफ्यात रोगट रोपं होती. गाठीतली अंडी मीच त्याच्या हाताने पेरली होती. मुळं उन्हात कडकडीत वाळवून जाळा. मग वाफे पाणी देऊन ओले करा, त्यावर २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद घट्ट पसरा, कडा मातीत दाबा, चार ते सहा आठवडे ठेवा. काळा कागद नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. मृग लागायच्या आत हे पुरं व्हायला हवं, म्हणजे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सुरुवात. दोन हजार मीटर एकदम होत नसेल तर सर्वांत वाईट पाचशे मीटर करा, पण नीट करा. झाडांच्या सावलीतल्या वाफ्यात हे चालणार नाही, तिथे हात घालू नका.

त्यानंतर पावसाच्या शेवटाला झेंडू. बांधावर चार रोपं नाही. त्या वाफ्यातलं मुख्य पीक म्हणून, दाट, दोन-अडीच महिने. झेंडूच्या जिवंत मुळातली द्रव्यं किड्याला मारतात, आणि मुळात शिरलेल्या पिल्लाला तिथे पोसायला जागा मिळत नाही. ऑगस्टला लावलात तर दसरा-दिवाळीला फूल विकलं जातं, म्हणजे वाफा रिकामा राहत नाही. मात्र झेंडूत भेंडी किंवा तांबडी भाजी मिसळू नका, तण उगवू देऊ नका. किडा तणावर दिवस काढतो. सगळे झेंडू सारखे नसतात, म्हणून पहिल्या वर्षी चार झाडं उपटून मुळं बघा. गाठी असतील तर पुढच्या वर्षी वाण बदला.

रोपं विकत आणता का? ती मातीत वाढवलेली असतील तर आजार तुम्ही स्वतः घरी आणताय. कोकोपीटच्या ट्रेमधली घ्या किंवा स्वतः करा. लावताना खड्ड्यात मूठभर निंबोळी पेंड, आणि पेंडीत आधी दोन आठवडे सावलीत ओलसर ठेवून वाढवलेली ट्रायकोडर्मा किंवा पर्प्युरिओसिलियम, म्हणजे अंडी खाणारी बुरशी. हे उपाय हळू काम करतात. पहिल्याच हंगामात चमत्कार दिसला नाही म्हणून सोडणारे मी खूप पाहिले. दुसऱ्या वर्षी फरक कळतो.

वांग्यासाठी मी कलमी रोपांची शिफारस करते. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला काटेरी रानवांगं वाढतं ना, बारीक हिरव्या फळांच्या घोसांचं, त्याच्या खुंटावर चांगलं वांगं बांधलं की मररोग आणि गाठी दोन्हीला बराच आळा बसतो. खुंट उगवायला वेळ लागतो, म्हणून त्याची पेरणी वांग्याच्या आधी करावी लागते. टोमॅटो लावणार असाल तर 'निमॅटोड प्रतिकारक' संकरित बियाणं मिळतं. त्यातलं जनुक रानटोमॅटोतून आलेलं आहे, पण मातीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की ते ढिलं पडतं, आणि फेब्रुवारीनंतर गोव्यात उघडी माती त्याहून सहज तापते. म्हणून ते लवकर लावा, आच्छादन घाला. हे जनुक गप्प करण्याचं तंत्र नव्हे, साध्या संकरातून आलेलं आहे, आणि आज दुकानात मिळतं.

रसायनांबद्दल: बरेच जण अजून थिमेट, म्हणजे फोरेट, मागतात. फोरेटची विक्री ३१ डिसेंबर २०२० पासून देशभर बंद आहे, कोणी मागच्या दाराने दिलं तरी घेऊ नका, तुमच्या विहिरीचा आणि बोअरचा विचार करा. फ्लुओपायरमसारखी नवी औषधं आहेत, पण ती लेबलवर तुमचं पीक असेल तरच, आणि तोडणीआधीचे सांगितलेले दिवस पाळूनच. तांबड्या भाजीला तर नाहीच, ती तीन आठवड्यांत ताटात असते.

हे किती लागू पडेल ते काही गोष्टींवर अवलंबून आहे. जमीन भाड्याची असेल आणि मालक पुढच्या वर्षी देईल की नाही ठाऊक नसेल, तर सहा आठवडे कागद पसरून ठेवणं परवडणार नाही. मग रोपांची शुद्धता, मुळं जाळणं आणि पेंड एवढ्यावर भर द्या. बाजूला पेरूची कलमं नव्याने लावली असतील तर त्यांची मुळंही पाहा. पेरूवर येणारी एक नवी जात आहे, तिच्यापुढे टोमॅटोचं ते प्रतिकारक जनुकही चालत नाही, आणि ती रोपांच्या पिशव्यांतून पसरते. कुळागराला (सुपारी-मसाल्यांच्या बागेला) लागून शेत असेल तर तिकडून वाहून येणारं पाणी वळवा, मिरी, हळद आणि केळीवरही हे किडे असतात.

मातीचा नमुना जरूर तपासून घ्या. जुन्या गोव्यातल्या एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारा. नमुना घेताना मेलेल्या झाडाजवळची माती नको, तिथला किडा केव्हाच निघून गेलेला असतो. अजून जिवंत पण खुरटलेल्या झाडांच्या मुळाशी, दहा-बारा ठिकाणी, वितभर खोलीतून माती घ्या, थोडी बारीक मुळंही. सगळं एकत्र करून पाव किलो प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, पाणी घालू नका, गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, आणि दुसऱ्या दिवशी पोचवा. पिशवीत गावाचं नाव, मागची तीन पिकं आणि यंदाची लागवडीची तारीख लिहिलेली चिठ्ठी घाला, पण चिठ्ठी वेगळ्या छोट्या पिशवीत. ओल्या मातीत पेनाची शाई दुसऱ्या दिवशी वाचता येत नाही. अहवालात जात लिहून आली तर ती इथे कळवा. वांग्याचं आणि टोमॅटोचं पुढचं मी त्यावरून सांगेन.